कॉम्प्युटरमधून मॉड्यूलर सिंथला सीव्ही पाठवायचं कसं: मीटर, केबल आणि यमनचा गंधार

गेल्या काही महिन्यांत तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला, की लॅपटॉपमधून मॉड्यूलरला, म्हणजे सुटी सुटी मॉड्यूल केबलने जोडून बनणाऱ्या सिंथला, कंट्रोल व्होल्टेज म्हणजे सीव्ही थेट पाठवता येतं का आणि त्यासाठी काही महागडं घ्यावं लागतं का, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. येतं, आणि बऱ्याचदा घरात आहे त्याच ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाज आतबाहेर नेणाऱ्या डब्यातून येतं, फक्त आधी मल्टिमीटर लावून बघायचं आणि मगच वायर सिंथमध्ये घालायची.

एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात बसवून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने सीव्ही म्हणजे आवाजच असतो, फक्त इतका सावकाश की कानाला ऐकू येत नाही. त्यामुळे आवाजाच्या वाटेत जे जे काही येतं, व्हॉल्यूमचा नॉब, पॅन, लिमिटर, नोटिफिकेशनची टिंग, ते सगळं सीव्हीच्याही वाटेत येतं आणि तिथे ते सूर बिघडवतं.

आता हे व्होल्टेज करतं काय ते थोडक्यात. ऑसिलेटरला, म्हणजे सूर तयार करणाऱ्या मॉड्यूलला, १ व्होल्ट जास्त दिलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो, ही रॉबर्ट मूग यांच्या १९६० च्या दशकातल्या सिंथपासून आलेली पद्धत, आणि आज युरोरॅक या मॉड्यूलरच्या प्रकारातही तीच चालते. म्हणजे एक सेमीटोन ८३.३ मिलीव्होल्टचा आणि एक सेंट, म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग, एका मिलीव्होल्टपेक्षाही कमी, ०.८३. हा आकडा लक्षात ठेवा कारण इथे किती बारीक काम आहे ते त्यावरूनच कळतं, आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरला ५ मिलीव्होल्ट इकडेतिकडे झाले तर कुणाला कळणार नाही पण सूर मात्र ६ सेंट सरकतो आणि तंबोऱ्यासोबत तो लगेच टोचतो. सगळीच यंत्रं ही पद्धत पाळत नाहीत हेही सांगून ठेवतो, बुकला कंपनीचा सिंथ सप्तकाला १.२ व्होल्ट घेतो आणि जुना कॉर्ग एमएस-२० तर हर्ट्झ पर व्होल्टवर चालतो, तिथे व्होल्टेज दुप्पट केल्यावर सप्तक चढतं. आपल्या देशात मूगचा मॉड्यूलर १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीत म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी आणून बसवला आणि गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी त्यावर काम केलं, म्हणजे हे प्रकरण आपल्याला अगदीच परकं नाही.

कॉम्प्युटरपासून सिंथपर्यंत जायच्या वाटा तीन. पहिली मिडी टू सीव्हीचा डबा, म्हणजे कॉम्प्युटर पाठवतो त्या नोट्सच्या मिडी संदेशांचं व्होल्टेज करणारा, किंवा तसलं मॉड्यूल, आर्टुरियाच्या कीस्टेपसारख्या कीबोर्डला तर मागे पिच, गेट (नोट सुरू-बंद करणारं व्होल्टेज) आणि मॉडचे जॅकच असतात. सरळ नोट्स वाजवायच्या असतील तर ही वाट उत्तम आहे, पण मिडीच्या केबलमधून एक नोट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो आणि साध्या कंट्रोलरला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात, फिल्टर सावकाश उघडताना त्या पायऱ्या कानाला चक्क कळतात. दुसरी वाट म्हणजे यासाठीच बनवलेलं मॉड्यूल, एक्सपर्ट स्लीपर्सचं ईएस-८ यूएसबीने जोडलं की ८ आउटपुट आणि ४ इनपुट मिळतात आणि व्होल्टेज पूर्ण उणे १० ते अधिक १०, ज्यांच्याकडे आधीच ॲडॅट नावाचं डिजिटल आउटपुट असलेला इंटरफेस आहे त्यांना त्यांचंच ईएस-३ चालतं. पैसे असतील तर हेच घ्या, खाली लिहिलेल्या निम्म्या खटपटी वाचतील. तिसरी वाट म्हणजे डीसी कपल्ड, म्हणजे स्थिर व्होल्टेजही बाहेर जाऊ देणारं आउटपुट असलेला साधा ऑडिओ इंटरफेस, आणि माझं सगळं काम याच्यावर चालतं म्हणून मी याच्याबद्दलच लिहिणार आहे. मोटूचे बहुतेक इंटरफेस असे आहेत, अगदी छोटे एम२ आणि एम४ सुद्धा.

डीसी कपल्ड आहे की नाही ते स्वतः बघा

बऱ्याच इंटरफेसमध्ये आउटपुटच्या आधी एक कपॅसिटर असतो, त्याचं कामच स्थिर व्होल्टेज अडवायचं कारण आवाजाला त्याची गरज नसते आणि स्पीकरला ते घातक असतं. हा कपॅसिटर असला की तुम्ही ऑसिलेटरला २ व्होल्ट पाठवता, सूर वर उडी मारतो आणि मग हळूहळू घसरत परत मूळ जागी येतो. माझ्या पहिल्या इंटरफेसचं असंच होतं आणि मी दोन संध्याकाळी ऑसिलेटरच बिघडलाय असं समजून त्याचे ट्रिमर फिरवत बसलो, नंतर ते सगळं पुन्हा जुळवायला तिसरी संध्याकाळ गेली. म्हणून सिंथ बाजूला ठेवून आधी मीटर.

सॉफ्टवेअर म्हणून मी इथे व्हीसीव्ही रॅक हा पडद्यावरचा मॉड्यूलर सिंथ धरतोय, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि पडद्यावरसुद्धा व्होल्टमध्येच बोलतं त्यामुळे समजायला बरं पडतं. त्यात एक ऑडिओ मॉड्यूल आणा, आठ चॅनलवालं घ्या म्हणजे पहिल्या दोन आउटपुटना हात लावावा लागणार नाही, त्यात तुमचा इंटरफेस निवडा. मग त्याच मॉड्यूलवर राइट क्लिक करून डीसी ब्लॉकर नावाचा पर्याय चालू आहे का बघा आणि असेल तर बंद करा, नाहीतर इंटरफेस चांगला असूनही सॉफ्टवेअरच व्होल्टेज अडवेल. आता रॅकच्या फंडामेंटल संचातलं एट-व्हर्ट, म्हणजे नॉबने व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल आणा. याच्या इनपुटला काहीच जोडलं नाही तर तिथे आपोआप १० व्होल्ट असतात, म्हणजे नॉब १० टक्क्यांवर ठेवला की बाहेर स्थिर १ व्होल्ट मिळतं. ते ऑडिओ मॉड्यूलच्या तिसऱ्या चॅनलला जोडा.

इंटरफेसच्या तिसऱ्या आउटपुटमध्ये केबल लावा, मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब पिनच्या मागच्या लांब भागाला म्हणजे स्लीव्हला आणि लाल प्रोब टोकाला. पडद्यावरचा नॉब शून्यावर असताना मीटर शून्याच्या आसपास दाखवेल. नॉब १० टक्क्यांवर नेला की आकडा वर जाईल, आणि आता घाई करायची नाही, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर त्या आकड्याकडे बघत बसायचं. तो तिथेच थांबला तर आउटपुट डीसी कपल्ड आहे. उतरायला लागला तर नाही.

यात एक फसवी गोष्ट आहे. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स बहुतेक वेळा १० मेगाओहम असतो, म्हणजे तो कपॅसिटरमधून जवळजवळ काहीच ओढत नाही, त्यामुळे काही इंटरफेसमध्ये कपॅसिटर असूनही आकडा इतका सावकाश उतरतो की डीसी कपल्ड असल्यासारखं वाटतं. म्हणून टोक आणि स्लीव्ह यांच्यामध्ये १०० किलोओहमचा एक रेझिस्टर लावून टेस्ट करा, युरोरॅकच्या इनपुटचा रेझिस्टन्स साधारण तेवढाच असतो म्हणजे इंटरफेसला सिंथ जोडल्यासारखंच वाटेल. रेझिस्टर अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि एवढी एक टेस्ट केली तर पुढचे अनेक दिवस वाचतात.

केबल

इंटरफेसचं मागचं आउटपुट बहुतेक बॅलन्स्ड असतं, ६.३५ मिमीचा जॅक आणि त्यात टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन भाग. टिपवर सिग्नल आणि रिंगवर त्याचाच उलटा सिग्नल. मॉड्यूलरमध्ये मात्र ३.५ मिमीचा मोनो जॅक, फक्त टिप आणि स्लीव्ह. दुकानातून आणलेली साधी मोनो केबल लावली तर इंटरफेसच्या आत रिंग ग्राउंडला शॉर्ट होते. काही इंटरफेसना ते चालतं आणि मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं, काहींमध्ये त्या बाजूचा ॲम्प्लिफायर विनाकारण तापतो, आणि काही सर्किट अशी असतात की रिंग शॉर्ट झाली की टिपवरचं व्होल्टेज दुप्पट करतात. हे तिन्ही टाळायचं असेल तर केबल स्वतः बनवा. एका टोकाला ६.३५ मिमीची स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची मोनो पिन, टिप टू टिप, स्लीव्ह टू स्लीव्ह आणि रिंगच्या पत्तीला काहीच जोडायचं नाही, ती मोकळी.

पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिना आणि शिल्डवाली वायर दोन्ही मिळतं. ३.५ मिमीची पिन घेताना तिचं झाकण बारीक आहे ना ते बघा, जाड झाकणाची पिन शेजारच्या जॅकमधल्या पिनेला अडते आणि मॉड्यूलरवर जॅक अगदी खेटून असतात. सोल्डर करताना झाकण आधी वायरमध्ये ओवून घ्या, शिल्डच्या तारा पिळून त्यांना आधी थोडं सोल्डर लावा म्हणजे एखादी सुटी तार टिपला जाऊन चिकटणार नाही, आणि सोल्डरिंग आयर्न पिनेवर फार वेळ धरू नका, आतलं प्लॅस्टिक वितळलं की टिप आणि स्लीव्ह आतल्या आत शॉर्ट होतात आणि बाहेरून काही दिसत नाही. झाल्यावर मीटर कंटिन्युइटीवर ठेवून तिन्ही गोष्टी तपासा, टिप टू टिप बीप, स्लीव्ह टू स्लीव्ह बीप, टिप टू स्लीव्ह अजिबात बीप नाही. रिंग कशाशीच वाजता कामा नये. मी आठ केबल एका रविवारी बनवल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टेप लावली, आणि आज चार वर्षं झाली त्याच चालू आहेत.

स्पीकर आणि हेडफोन सांभाळा

सीव्ही ज्या आउटपुटमधून जातंय त्याला स्पीकर किंवा हेडफोन कधीही जोडलेले नकोत. स्थिर व्होल्टेज स्पीकरच्या कॉइलमधून सतत वाहत राहिलं की कॉइल तापते, आवाज काहीच येत नाही त्यामुळे आपल्याला कळतही नाही, आणि ती जळू शकते. म्हणून १ आणि २ ऐकण्यासाठी, ३ पासून पुढे सीव्ही, असं एकदा ठरवून टाका आणि ते कधी बदलू नका. यात अजून एक फायदा असा की पुष्कळ इंटरफेसमध्ये समोरचा मोठा व्हॉल्यूम नॉब १ आणि २ वर चालतो, म्हणजे तिथून सीव्ही पाठवलं तर आवाज कमी केला की सूरही उतरणार.

कॉम्प्युटरचे स्वतःचे आवाजसुद्धा दुसरीकडे वळवा. सिस्टिमचं आउटपुट लॅपटॉपचे स्पीकर, आणि इंटरफेस फक्त संगीताच्या सॉफ्टवेअरसाठी. एकदा रात्री मी एक मोठं आलापासारखं रेकॉर्डिंग करत होतो, एकवीस मिनिटं छान चाललं होतं आणि कुणाचातरी मेसेज आला, ती टिंग थेट ऑसिलेटरच्या सुरात आणि फिल्टरमध्ये गेली आणि ते सगळं रेकॉर्डिंग गेलं. तेव्हापासून नोटिफिकेशन बंद केल्याशिवाय मी केबल लावत नाही.

तुम्ही रॅकऐवजी डॉ (DAW) म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एबलटन, बिटविग, रीपर, लॉजिक असं काही वापरत असाल तर सीव्हीच्या ट्रॅकवर बाकी काही नको. मास्टरला लिमिटर असेल तर सीव्हीचा ट्रॅक मास्टरमधून न नेता थेट बाहेर काढा. फेडर शून्य डीबीवर ठेवून द्या. आणि पॅन लॉ नावाचा प्रकार बघा, काही डॉ मोनो ट्रॅक मध्यभागी असला की ३ डीबी कमी करतात, आवाजात ते बरोबरच आहे पण सीव्हीत त्याचा अर्थ तुमचं १ व्होल्ट ०.७१ झालं, म्हणजे सप्तकाऐवजी जेमतेम साडेआठ सेमीटोन. अशा वेळी ट्रॅकचं आउटपुट स्टिरिओ जोडीऐवजी एकाच मोनो चॅनलला द्यायचं.

व्होल्टला व्होल्ट करायचं

आता मुख्य काम. रॅकमध्ये १० व्होल्ट म्हणजे इंटरफेसचं फुल स्केल, म्हणजे कमाल पातळी, पण इंटरफेस फुल स्केलला प्रत्यक्ष किती व्होल्ट देतो ते प्रत्येकाचं वेगळं. मॅन्युअलमध्ये कमाल आउटपुट अधिक १६ डीबीयू लिहिलं असेल तर त्याचं शिखर व्होल्टेज ६.९ होतं, पण ते टिप आणि रिंग यांच्यामधलं असतं, आपण फक्त टिप घेतोय म्हणजे निम्मं, साधारण ३.४६. अधिक २० डीबीयू असेल तर असंच निम्मं करून साधारण ५.५. कागदावरचा आकडा अंदाजापुरता, खरा आकडा मीटरचा.

समजा रॅकमधून १ व्होल्ट पाठवल्यावर मीटरवर ०.३४६ आलं. म्हणजे आपल्याला सगळं १ भागिले ०.३४६, म्हणजे २.८९ पटीने वाढवायचंय. एट-व्हर्ट फक्त कमी करू शकतं, वाढवू शकत नाही, म्हणून मी करतो ते असं, एकाच आउटपुटमधून तीन केबल काढायच्या आणि तिन्ही मिक्सर मॉड्यूलच्या तीन इनपुटना द्यायच्या, सगळे नॉब पूर्ण, म्हणजे तिप्पट झालं. त्यापुढे एट-व्हर्ट लावून नॉबवर राइट क्लिक करून आकडा टाकायचा, ९६.३ टक्के, झालं २.८९. आता रॅकमध्ये १ व्होल्ट दिलं की मीटरवर १.०० आलं पाहिजे, २ दिलं की २.००, ३ ला ३.००. ३.४६ च्या पुढे इंटरफेसच संपतो, म्हणजे शून्याच्या वर साडेतीन सप्तकं आणि खाली साडेतीन, एका आवाजाला ती भरपूर झाली.

हे मोजताना केबलचं दुसरं टोक खऱ्या मॉड्यूलमध्ये घातलेलं असू द्या. इंटरफेसच्या आउटपुटचा रेझिस्टन्स १ किलोओहम असेल आणि मॉड्यूलचा १०० किलोओहम, तर एक टक्का व्होल्टेज तिथेच पडतं, म्हणजे दर सप्तकाला १२ सेंट. तीच केबल साध्या जोडणीने तीन ऑसिलेटरना दिली तर हा फरक जवळपास तिप्पट. म्हणून एकच सूर अनेक ऑसिलेटरना द्यायचा असेल तर बफर असलेला मल्टिपल, म्हणजे व्होल्टेज पडू न देता ते वाटून देणारं मॉड्यूल वापरा, आणि जी जोडणी वाजवणार तीच जोडून मोजा.

शेवटचा निवाडा कानाचा. ऑसिलेटर चालू करून अर्धा तास गरम होऊ द्या, गार ऑसिलेटर सरकत राहतो. तंबोऱ्याचं ॲप लावा, सा तुमच्या सोयीचा, माझा काळी एक असतो, आणि सीव्ही शून्य असताना ऑसिलेटरचा ट्यूनिंग नॉब फिरवून सूर त्या सा ला लावा. आता १ व्होल्ट पाठवा, वरचा सा. तंबोऱ्याबरोबर सावकाश हेलकावे ऐकू येतील, वाऽव वाऽव असे, एट-व्हर्टचा आकडा दशांशाने वरखाली करत ते हेलकावे थांबवा. मग २ व्होल्ट. पहिलं सप्तक अचूक आणि पुढची हळूहळू उतरत जात असतील तर दोष तुमच्या आकड्यात नाही, ऑसिलेटरच्या ट्रॅकिंगमध्ये आहे. एबलटनच्या सीव्ही टूल्समध्ये सीव्ही इन्स्ट्रुमेंट आणि एक्सपर्ट स्लीपर्सच्या सायलेंट वेमध्ये ऑसिलेटरचा आवाज परत इंटरफेसमध्ये घेऊन हे सगळं आपोआप करायची सोय आहे, ती वापरा, पण एकदा तरी हाताने करून बघाच. आणि ऑसिलेटर इंटरफेसला जोडताना लाइन इनपुटलाच जोडा, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर चालू असलेल्या माइकच्या इनपुटला मॉड्यूलर कधीही लावायचं नाही.

ज्यासाठी मी हे सगळं करतो

सा शून्य व्होल्टवर लावला की बाकीचे स्वर म्हणजे साधे आकडे होतात आणि ते आकडे पियानोच्या पट्ट्यांना बांधलेले नसतात. यमन घेऊ. रे सा च्या ९/८ पट, म्हणजे ०.१७० व्होल्ट. गंधार ५/४, म्हणजे ०.३२२. तीव्र मध्यम ०.४९२, पंचम ०.५८५, धैवत ५/३ ने ०.७३७, निषाद ०.९०७, आणि वरचा सा १. हे काढायला कॅल्क्युलेटरवर त्या गुणोत्तराचा लॉग घेऊन २ च्या लॉगने भागायचं, बस.

मिडी टू सीव्हीचा साधा डबा गंधाराला ०.३३३ देईल, कारण त्याला चार सेमीटोन एवढंच माहीत असतं. फरक ११ मिलीव्होल्टचा, जवळजवळ १४ सेंट. दोन्ही तंबोऱ्यावर लावून ऐका. ०.३३३ वर गंधार चढा आणि अस्वस्थ वाटतो, आणि एट-व्हर्टवर आकडा एकेक मिलीव्होल्ट खाली आणत ०.३२२ ला पोचलात की तो तंबोऱ्यात विरघळून जातो, खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, त्याच्यावर जाऊन बसतो. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी नुसता तो एकच स्वर पाऊण तास लावून बसलो होतो.

मींडेचंही तसंच. एक व्होल्ट पर सप्तक या पद्धतीत व्होल्टेज सरळ रेषेत चढलं की सूरही कानाला एकसारखा चढतो, त्यामुळे दोन स्वरांमध्ये रॅकमधलं बेफाकोचं स्लू लिमिटर, म्हणजे व्होल्टेजला उडी न मारता सरकवत नेणारं मॉड्यूल टाकलं की मींड तयार. पण गळ्यातली मींड सरळ रेषेत कधीच जात नाही, ती निघताना रेंगाळते, मधे पटकन जाते आणि पोचताना पुन्हा हळू होते, म्हणून शेप नावाचा नॉब फिरवून बघा, आणि त्याहूनही चांगलं म्हणजे डॉमध्ये ऑटोमेशनची रेघ हाताने काढा. नी पासून वर जाऊन रे ला नुसता स्पर्श करून ग वर थांबायचं, एवढी एकच रेघ मी आठवडाभर काढत होतो, रे वर किती वेळ थांबायचं यावर सगळं अवलंबून असतं आणि ४० मिलिसेकंदांनीही फरक पडतो. ही बारकाई कॉम्प्युटरमधून येणाऱ्या सीव्हीतच मिळते, ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० वेळा नवीन आकडा जातो, तिथे पायऱ्या ऐकू यायचा प्रश्नच येत नाही.

गेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रॅकचं गेट १० व्होल्टचं असतं, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या इंटरफेसमधून ३.४६ बाहेर येईल आणि बहुतेक मॉड्यूल तेवढ्यावर उघडतात. एखादं ५ व्होल्टच मागत असेल तर मध्ये ॲम्प्लिफायर मॉड्यूल टाका. गेट आणि पिच एकाच इंटरफेसच्या दोन चॅनलमधून जातात त्यामुळे त्यांच्यात पुढेमागे होत नाही, १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद उशीर करतो पण तो दोघांनाही सारखाच.

सूर थरथरत असेल तर

सगळं बरोबर असूनही आवाजात बारीक गुणगुण किंवा थरथर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढल्यावर थांबली तर ग्राउंड लूप आहे, ५० हर्ट्झचा हम सीव्हीवर चढलाय आणि तो सुराला हलवतोय. लॅपटॉप, इंटरफेस आणि सिंथ एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आणि त्या बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या इमारतीत तीन पिनचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. केबल पॉवर सप्लायच्या जवळून नेऊ नका. यानेही गेलं नाही तर लॅपटॉप फक्त बॅटरीवर चालवून वाजवा, मी अजूनही रेकॉर्डिंगच्या वेळी तेच करतो.

आणि इंटरफेस डीसी कपल्ड नसेल तर

तरी हात हलवत बसायची गरज नाही. ट्रिगर आणि क्लॉक लगेच पाठवता येतात, छोटा ठोका कपॅसिटरमधून आरपार जातो. कॉर्गच्या व्होल्काला सिंक इनमध्ये एका बीटला दोन ठोके लागतात, म्हणजे १२० च्या लयीला सेकंदाला चार, ते साध्या हेडफोनच्या जॅकमधून डाव्या चॅनलला ऑडिओ क्लिक म्हणून दिले तरी चालतात, फक्त आवाज पुरेसा मोठा ठेवा.

हळू बदलणारं व्होल्टेज हवं असेल, फिल्टर उघडण्यासाठी वगैरे, तर ते आवाजावर बसवून पाठवायचं. कॉम्प्युटरमध्ये ५ किलोहर्ट्झचा एक सूर घ्या, त्याचा आवाज तुमच्या सीव्हीप्रमाणे कमीजास्त करा, आणि मॉड्यूलरमध्ये तो एन्व्हलप फॉलोअरमध्ये घाला, डोप्फरचं ए-११९ असेल तर त्यात तो आहेच. फॉलोअर त्या आवाजाची पातळी मोजून तेवढं व्होल्टेज बाहेर देतो. सुरासाठी हे वापरू नका, त्याची अचूकता मिलीव्होल्टची नाही, पण फिल्टर, व्हीसीए (आवाज कमीजास्त करणारं मॉड्यूल), पॅन यांना पुरेसं आहे, आणि मी डीसीवाला इंटरफेस घेण्याआधी दीड वर्ष एवढ्यावरच वाजवत होतो.